चला, चौकी दाखवा

पडदे शिवायचे तर आधी खिडकीचं माप घ्यावं लागतं, आणि माप घ्यायचं तर लोकांच्या घरात शिरावं लागतं. पडदेवालीला ह्या धंद्यातलं हेच सगळ्यात आवडायचं. गळ्यात फीत टाकून ती स्टुलावर चढायची, आणि खिडकी मोजता मोजता तिचे डोळे घरभर फिरून यायचे. ह्या कपाटाला दोन कुलपं कशाला? आजोबांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून का? विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. स्वतःला ती चौकस म्हणवायची. गिऱ्हाइकं तिच्या माघारी भोचक म्हणायची, पण पडदे तिच्याकडेच टाकायची.

तिच्या नणंदेचा स्वभाव अगदी उलटा. कचेरीत जन्म काढून निवृत्त झालेली, इंग्रजी चांगलं, पण जीव चिमणीएवढा. मुलगा परदेशात नोकरीला. त्याने आईला महिनाभर राहायला बोलावलं, तर आई एकटी विमानात बसेना. शेवटी त्याने मामीला, म्हणजे ह्या पडदेवालीलाही, तिकीट धाडलं. मामीने मशीनवर कापड टाकलं आणि निघाली.

व्हिसा आल्यापासून नणंद फोनवर नुसती संकटं बघत बसली होती. कुठे पर्सचा पट्टा कापतात, कुठे पेयात काहीतरी मिसळतात, कुठे टॅक्सीवाला भलतीकडेच घेऊन जातो. प्रत्येक व्हिडिओ ती मामीलाही दाखवायची आणि मामी विचारायची, “पण वन्सं, पट्टा कापतात तो कशाने? ब्लेडने की कात्रीने? कात्रीने कापला तर आवाज नाही का येत?” वन्सं फोन उलटा ठेवून द्यायच्या.

पोचल्या त्या संध्याकाळी भाच्याने दोघींना समोर बसवून सगळं समजावलं. पासपोर्ट घरात कपाटात राहू द्या, फोनमध्ये त्याचा फोटो आहे तेवढा पुरे. टॅक्सी मी बोलावून देईन तीच. रस्त्यात कोणी कितीही मोठा असल्याचं सांगितलं तरी वस्तू हातात द्यायची नाही. आणि कोणी मागेच लागलं तर सरळ गर्दीच्या दुकानात शिरायचं. दोघींनी माना डोलावल्या.

चार-सहा दिवस नीट गेले. एका दुपारी भाचा कामावर असताना दोघी जवळच्या मोठ्या चौकात कापडाची दुकानं बघायला गेल्या. एका दुकानातून बाहेर पडतात तोच एक माणूस नकाशा पसरून समोर आला. वाट चुकलोय, म्हणाला, स्टेशन कुठे? वन्सं दोन पावलं मागे सरल्या. मामीला मात्र कोण आनंद! परक्या मुलखात कोणीतरी तिला वाट विचारत होतं. तिने नकाशात डोकं घातलं.

तेवढ्यात साध्या कपड्यांतले दोघे जण येऊन उभे राहिले. त्यातल्या उंच माणसाने चामड्याचं पाकीट उघडून बिल्ला दाखवला आणि लगेच पाकीट मिटलं. आम्ही पोलीस, ह्या भागात खोट्या नोटा फिरताहेत, सगळ्यांची तपासणी चालू आहे. नकाशावाल्याने कुरकुर न करता आपलं पाकीट पुढे केलं. उंच माणसाने त्यातल्या नोटा नाकाशी नेऊन हुंगल्या, ठीक आहे म्हणत परत दिल्या आणि वन्संकडे हात पसरला. पासपोर्ट आणि पर्स.

वन्संच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांचा हात ओढणीखाली गेला आणि गळ्यातली कापडी पिशवी बाहेर आली. मामी बघतच राहिली. दोघींचे पासपोर्ट त्यात होते. भाच्याच्या कपाटावर भरवसा नसल्याने वन्सं ते रोज गुपचूप गळ्यात घालून फिरत होत्या.

खरं सांगायचं तर मामीला तेव्हा भीती वाटली नाही, नवल वाटलं. खोट्या नोटेला वास कसला येत असेल? आणि इथले पोलीस तपासणी रस्त्यातच का उरकतात, यांना चौकी नाही का?

“वन्सं, त्यांना विचारा, चौकी कुठेय. आपण तिथेच जाऊन दाखवू. मला बघायचीय.”

“वहिनी, गप्प बस गं,” वन्सं पुटपुटल्या. “पोलीस आहेत ते.”

मग मामीने आपलंच इंग्रजी काढलं. “पोलीस स्टेशन. यू गो, आय कम.” तिने हाताने पुढे चला अशी खूणही केली. उंच माणूस हसून म्हणाला, गरज नाही, इथेच दोन मिनिटांत होईल. मामी हटेना. तिला खरोखरच चौकी बघायची होती. त्याचं हसू मावळलं. तो वन्संच्या अगदी जवळ सरकला आणि त्याने पिशवीची दोरी बोटात धरली.

आता मात्र मामीचं नवल ओसरलं. तिची नजर नकाशावाल्यावर गेली. त्याची तपासणी झाली होती, त्याला स्टेशन गाठायचं होतं, मग हा अजून इथे का थांबलाय? आणि रस्त्याकडे न बघता पिशवीकडे का बघतोय?

तिने वन्संचं मनगट धरलं, हिसका देऊन दोरी सोडवली आणि त्यांना ओढतच समोरच्या चपलांच्या दुकानात घुसली. आत बरीच गिऱ्हाइकं होती. “पोलीस! फोन!” एवढंच ती ओरडली. गल्ल्यावरच्या बाईने एकदा तिच्याकडे, एकदा काचेबाहेर पाहिलं आणि फोन उचलला. बाहेर तिघांनीही काढता पाय घेतला. तिघेही एकाच दिशेने गेले आणि नकाशा घडी घालून खिशात गेला होता.

चपला घालून बघायच्या बाकावर मामीने वन्संना बसवलं आणि स्वतःही टेकली. वन्सं रडत होत्या. दुकानातल्या बाईने दोघींना पाणी दिलं.

खरे पोलीस आले ते गणवेशात, आणि जबाब लिहायला दोघींना गाडीतून ठाण्यात घेऊन गेले. तिथे टेबलापलीकडे एक पोलीसबाई होती. वाट विचारणारा त्यांच्यातलाच असतो, तिने सांगितलं. त्याने आधी दिलं की दुसऱ्यालाही द्यावंसं वाटतं. शंका आली तर ठाण्यात चला म्हणायचं, तुम्ही केलंत ते बरोबर.

“तिला सांगा, मी काही शहाणपणाने नाही केलं,” मामी म्हणाली. “आणि विचारा, नोटा हुंगतात त्या कशाला?”

वन्संनी डोळे पुसले आणि विचारलं. मग पुढचा प्रश्न, त्याच्या पुढचा. तासाभराने वन्सं मामीने न विचारलेलंही विचारू लागल्या होत्या. नोटा हुंगणं म्हणजे नाटक, पोलीसबाई म्हणाली, माणूस नाकाकडे बघतो, नोटा लांबवणाऱ्या हाताकडे नाही.

संध्याकाळी भाचा आईवर चिडला, मग तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, आता माझ्याशिवाय बाहेर जायचं नाही.

“जाणार,” वन्सं म्हणाल्या. त्यांनी पासपोर्ट स्वतःच्या हाताने कपाटात ठेवले. “उद्याच जाणार.”

आणि गेल्या. उरलेल्या दिवसांत आणखी काही जणांनी मामीला वाट विचारली. तिने कोणालाच टाळलं नाही. मात्र पर्स काखेत दाबून, हातभर अंतर ठेवून बोलायची, आणि वन्सं तिच्या पाठीला पाठ लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवायच्या. एक म्हातारं जोडपं खरंच चुकलेलं निघालं. वन्संनी फोनवर नकाशा उघडला आणि दोघी त्यांना बसथांब्यापर्यंत सोडून आल्या. वाटेत मामीने वन्संकरवी आजींना विचारून घेतलं, त्या कुठल्या, मुलं किती, आणि इतक्या उन्हात दोघे बाहेर पडले ते कशासाठी.