एका दमात चढलेली टेकडी

आमचे हे वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होते. शिफ्टची बस सुटायला आली की धावत जाऊन पकडणारा माणूस. त्यांच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला आणि त्या दिवसापासून माझ्या पोटात भीती बसली. मोरीतला पाण्याचा आवाज थांबला आणि ते लगेच बाहेर आले नाहीत, तर मी दार वाजवायची.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, रोज थोडं चाला, गोळ्या वेळेवर घ्या, खंड पडू देऊ नका. सुरुवातीला ते नेमानं चालले. मग शेंद्र्याला भाच्याचं लग्न निघालं, मग गुडघा धरला, मग ऊन वाढलं. चालणं सुटलं. गोळीही अधूनमधून राहायची. मी बोलले की म्हणायचे, एकदम भरून काढीन सगळं.

एका रविवारी सकाळी खरंच त्यांनी बूट चढवले आणि गोगाबाबा टेकडीला निघाले. मला धीर होईना म्हणून मीही सोबत गेले. ते भराभर चढत होते. मी मागून हळू चला म्हणत होते, पण त्यांना आपण बरे झालोय हे स्वतःलाच दाखवायचं होतं. अर्ध्या वाटेवर ते थांबले आणि एका दगडावर बसले. चेहरा राखेसारखा, मानेवरून घाम, हात छातीवर. जिभेखाली ठेवायची गोळी त्यांच्या खिशात होती, पण माझ्या बोटांना ते पाकीट फोडता येईना. शेवटी दातांनी फाडलं आणि गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली. चढणाऱ्या माणसांनी त्यांना आधार देऊन खाली आणलं. रिक्षात मी फक्त त्यांची छाती वरखाली होते का, तेवढं बघत होते.

दवाखान्यात तपासण्या झाल्या, नळीत नवा अडथळा निघाला नाही. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "काका, महिना बसून काढायचा आणि एका दिवसात टेकडी चढायची, हे हृदयाला झेपत नाही. त्याला रोजचं थोडंच लागतं."

घरी आल्यावर ते पलंगाच्या कडेला बसले. मग खाली बघत म्हणाले, "मला लई भ्याव वाटलं गं."

इतक्या वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनाही भीती वाटत असेल, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

परवानगी मिळाल्यावर आम्ही गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायला लागलो. पहिल्या दिवसांत ते दर विजेच्या खांबाजवळ थांबून नाडी बघायचे. कधी म्हणायचे, आज नको. मी वाद घालायची नाही. चपला घालून फाटकाशी उभी राहायची. थोड्या वेळानं ते यायचे.

हळूहळू कोपरा मागे पडला, मग मैदान आलं. आता गप्पा मारत चालतात, दम लागत नाही. भाजीत मीठ कमी झालं, त्याचीही कुरकुर संपली.

परवा मला ताप होता, तर ते एकटेच गेले. मी अंथरुणात पडून रस्त्यावरचा प्रत्येक आवाज ऐकत होते. ते आले तेव्हा मी विचारलं, "एवढा उशीर?"

"एक फेरी जास्त मारली," ते म्हणाले आणि माझ्या कपाळावर हात ठेवला. चालून आल्यानं हात गरम होता. मी तो लवकर सोडला नाही.