भावजींचं मनुक्यांचं रसायन

आमच्या धाकट्या भावजींएवढा हायड्रोकार्बनवर जीव टाकणारा माणूस सातारा-सांगलीत सोडाच, अख्ख्या जगात सापडायचा नाही. तासगावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण शिकवायचे काही थांबले नाहीत. काळा मनुका म्हणजे कार्बन, हिरवा बेदाणा म्हणजे हायड्रोजन आणि मधे खराट्याची धुतलेली काडी. कार्बनला हात चार. दोन मनुक्यांत एक काडी असली की अल्केन, दोन असल्या की अल्कीन, तीन असल्या की अल्काईन. सहा मनुक्यांचं कडं केलं की बेंझिन. मी सातवीत शाळा सोडलेली बाई, पण भाकऱ्या थापता थापता मला हे सगळं पाठ झालं, काय सांगू!

माणसंही ते याच मापानं मोजायचे. "दादा अल्केन हायेत, वैनी. सगळे हात गुंतल्यालं, कुणाच्या वाटंला जात न्हाईत. तुमी अल्कीन. एक काडी कवा सोडाल आन् कुणाला धराल, नेम न्हाई!" गोबरगॅसच्या टाकीजवळून जाताना तर आतल्या मिथेनला ओळखीच्या माणसासारखी मान डोलवायचे.

जाऊबाई गेल्यावर घरात बापलेक दोघंच. पुतणीची दोन स्थळं "प्रोपेनला कार्बन किती?" या प्रश्नानंच पळालेली. तिसरं लोणंदच्या निवृत्त सुभेदारांचं, आणि मुलगा पोरीला मनापासून आवडलेला. म्हणून ती मंडळी बघायला आली त्या दिवशी मी भावजींना दम दिला, "आज तोंड उघडायचं नाही." आणि गडबडीत पोह्यांबरोबर त्यांनी सकाळी मांडलेली बेंझिनची बशी मीच पुढं ठेवली!

सुभेदारांनी एक मनुका उपटून तोंडात टाकला. भावजी ओरडले, "आवं, बेंझिन खाल्लंत तुमी!"

सुभेदारांचा हात गळ्याला. "पेट्रोलमदलं?" त्यांची बायको पाठ चोळायला लागली. हेही स्थळ गेलं म्हणून मी बशी मागं ओढली. तेवढ्यात पुतणी पदर सावरत बाहेर आली.

"मामा, भिऊ नका, मनुकाच हाय त्यो. आन् आबा, पाच उरल्यात की. कडं सोडा, पेंटेन करा."

सुभेदार तिच्याकडं बघत राहिले आणि मग इतके हसले की पोहे सांडले. "फौजी भ्याला, पोरगी न्हाई! हीच सून पायजे."

लग्न होऊन ती लोणंदला गेली. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तर भावजी सवयीनं दोन कप चहा गाळून बसलेले. एकावर साय धरलेली. मी तो कप पुढ्यात ओढला.

"भावजी, अल्काईनला काड्या किती असतात हो?"

"वैनी, एवढ्या वर्सांत..." म्हणाले, चष्मा पुसला, आणि पार मिथेनपासून सुरुवात केली.