वाकडं कुंकू

आरशात पाहिलं. आजही कुंकू वाकडंच लागलंय.

नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. आमदारांच्या पत्नीनं, आमच्या गावाच्या वहिनीसाहेबांनी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्हा विधवांनाही बोलावलं. तेव्हा असं कुणी करत नसे. समोर सासूबाई बसलेल्या. मी पदर पुढे ओढला.

“घाबरू नकोस, मी आहे ना,” म्हणत वहिनीसाहेबांनी माझ्या कपाळाला कुंकवाचं बोट टेकवलं. ते थरथरत होतं. भरसभेत नवऱ्याला अडवणाऱ्या बाईचं बोट! त्याच घाबरल्या असतील, तर मी कुणाच्या भरवशावर बसले होते?

घराच्या दाराशी सासूबाई थांबल्या. “पुसून आत ये.”

मी तशीच आत गेले.

ती थरथर अजून माझ्या बोटात आहे. कुंकू वाकडं लागतं, पण लागतं.