एका मताचं अध्यक्षपद

मुलीला शाळेत एका अप्रसिद्ध माणसाचं चरित्र सांगायचं होतं. तिने शंभर वर्षांपूर्वीचा एक अमेरिकन निवडला. आधी किराणा दुकान, मग गावात स्वतःची बँक, मग राज्याच्या विधिमंडळात आमदार.

"हाच का?" मी विचारलं.

"मिशी तुमच्यासारखी आहे."

बँकेत मीही आहे, इथे सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कात. दुसऱ्याने भरलेला फॉर्म तपासायचा आणि खाली सही करायची, हे माझं एकोणीस वर्षांचं काम.

तो गृहस्थ पहिली निवडणूक एका मताने जिंकला होता.

"म्हणजे त्याने स्वतःलाच मत दिलं असणार. शोभत नाही," मी म्हणालो.

"ऑफ कोर्स स्वतःला, लाह! मग कोणाला?" मुलगी तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

"म्हणून तो आमदार झाला आणि तुझे बाबा सह्या करतायत," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

तिच्या बोलण्याला कारण होतं. त्याच रविवारी आम्ही राहतो त्या पुंगोल भागातल्या आमच्या छोट्या मराठी मंडळाची निवडणूक होती आणि मी अध्यक्षपदाला उभा होतो. मंडळाची नियमावली मी लिहिली, नऊ वर्षं गणपतीत खुर्च्या मी मोजल्या, पण नारळ फोडायचा मान अध्यक्षाचा. तो नारळ एकदा मला फोडायचा होता.

समोर नाशिकचे एक इंजिनियर होते. मतदानाआधी ते जवळ येऊन म्हणाले, "साहेब, आपण एकमेकांना मत देऊ. बरं दिसतं." मला ते पटलं. त्यांच्या चौकोनात बरोबरची खूण करून मी चिठ्ठी चकलीच्या रिकाम्या डब्यात टाकली.

एकूण मतं सदतीस. मोजायला माझी मुलगी, कारण तिला मत नव्हतं. त्यांना एकोणीस, मला अठरा. मी हसून टाळ्या वाजवत होतो, तेवढ्यात मुलीने एक चिठ्ठी वर धरली.

"बाबा, ह्याच्यावर तुमची सही आहे."

होती. खाली तारीखही. हात सवयीने चालला होता. सही असलेलं मत बाद, हा नियम माझाच. अठरा-अठरा. समान मतं पडल्यास लगेच फेरमतदान, हाही माझाच.

नवी चिठ्ठी घेऊन मी कोपऱ्यात गेलो. तो मिशीवाला आठवला. मग नारळ आठवला. मी माझ्याच नावापुढे खूण केली आणि घाईने घडी घातली.

निकाल: त्यांना एकोणीस, मला अठरा.

मी उभ्या उभ्या हिशोब केला. माझं मत माझ्याकडे येऊनही मी अठरावरच. म्हणजे पहिल्या फेरीत मला मिळालेलं एक मत आता तिकडे सरकलं होतं. ते कोणाचं, हे इंजिनियरांच्या कानांच्या रंगावरून कळत होतं.

ते हार सावरत आले. "साहेब, पहिल्या वेळी मी तुम्हालाच दिलं होतं. शपथ."

"माझंही तसंच. माझा तर पुरावा आहे."

"आणि दुसऱ्या वेळी?"

मी खुर्च्या मोजू लागलो. चाळीस होत्या.

मुलगी डबा घेऊन शेजारी आली आणि कुजबुजली, "बाबा, दुसऱ्या वेळी एकाही चिठ्ठीवर सही नव्हती, हां."