खुर्ची ठेवली, पोरगी काढली

माझ्या धाकट्या बहिणीला होळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, दुपारची खिचडी वाटायच्या आधी, शाळेतून काढलं. ती तेव्हा दहा वर्षांची होती. तिनं कोणाला मारलं नव्हतं, काही फोडलं नव्हतं. तिच्या हातापायांना तेवढं जमतही नाही. पाठीवर पुरळ आलं म्हणून काढलं. आणि शाळा साधी नव्हती, अपंग मुलांचीच होती. हे आधीच सांगते, कारण जिथं जिथं मी ही गोष्ट सांगितली तिथं लोकांनी साधी शाळा समजून मान हलवली, की चालायचंच.

ती जन्मली तेव्हा बराच वेळ रडली नाही. पुढं हातपाय ताठ राहिले, मान एका अंगाला, बोलणं नाही, मधूनमधून झटके. तिला किती समजतं हे कोणालाच नीट ठरवता आलं नाही, कारण ठरवणारे तिला आडवी ठेवूनच प्रश्न विचारायचे. गावच्या शाळेत तिचं नाव पटावर होतं. गुरुजी म्हणाले, "आणू नका, मी हजेरी लावून देत जाईन." मायला ते उपकार वाटले.

मग विशेष शाळा पाहिल्या. पहिलीतले म्हणाले, आमची शाळा मतिमंद मुलांची, हिचे तर हातपायही चालत नाहीत, अस्थिव्यंगांच्या शाळेत न्या. तिथले म्हणाले, हातपायाचं आम्ही पाहू, पण हिला समजत नाही, मतिमंदांच्या शाळेत न्या. दोघंही नियमानंच बोलत होते. शाळा काढणाऱ्यांनी एका मुलाला एकच अपंगत्व वाटून दिलेलं होतं. माझ्या बहिणीला दोन्ही होती, ही तिची चूक.

तिसरी, तालुक्याची अपंगांची शाळा. तिथले मुख्याध्यापक जरा बरे बोलले. म्हणाले, "बसता आलं पाहिजे. बसली तर घेतो." हे त्यांचं वाक्य लक्षात ठेवा.

त्या वर्षांत कापसाचा भाव पडलेला होता आणि ज्याला जमेल तो कापूस घरात भरून ठेवायचा. आमच्या घराच्या दोन खोल्या. त्यातली एक दिवाळीनंतर पार वरच्या टिनापर्यंत कापसानं भरली आणि आम्ही चौघं दुसरीत झोपू लागलो. एका दुपारी मायला भाकरी टाकायच्या होत्या. बहीण खाटेवरून घसरत होती. मायनं कापसाच्या ढिगात दोन्ही हातांनी दाबून खड्डा केला, तिला त्यात ठेवलं आणि चुलीकडं वळली. परत पाहते तर पोरगी सरळ. पाठीला कापूस, दोन्ही बाजूंना कापूस, मान मागं टेकलेली.

"अवो, इकडं या जरा," मायनं बाबांना हाक मारली. "पोरगी बसली."

बाबा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. "कोणं बसवली?"

"कापसानं."

बाबा आले, दारात उभे राहिले. "सरकून पडन खाली."

"सरकली तं सरकन. अजून तं नाई सरकली."

ती कुठंही सरकली नाही. तिनं चुलीकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, मग बाबांच्या पायापासून वर वर त्यांच्या टोपीपर्यंत नजर नेली आणि हसली. घर तिनं पहिल्यांदा सरळ पाहिलं होतं. आम्हालाही.

शेजारचे काका म्हणाले, "काय गा, भाव येईपर्यंत पोरीले राखणीले बसवली काय?"

"हो ना," बाबा म्हणाले. "तुह्याच घराकडं तोंड करून बसवली."

बाबांनी जुन्या बैलबंडीच्या फळ्या काढून तीन बाजूंनी उंच अशी पेटी ठोकली. आत पोत्यांमध्ये कापूस ठासून पाठीला, कुशीला आणि मांड्यांमध्ये लावला. छातीवरून पट्टा हवा, तर सायकलची ट्यूब. संक्रांत झाल्यावर ती खुर्ची काळी-पिवळी जीपच्या टपावर बांधून आम्ही तालुक्याच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी खुर्ची हलवून पाहिली, बहिणीकडं पाहिलं, आणि नाव लिहून घेतलं. चार माणसांसमोर बोलले होते, काय करतील. खुर्ची रोज नेणं-आणणं शक्य नव्हतं, म्हणून ती शाळेतच राहिली. बहीण मायच्या मांडीवर बसून रोज जायची-यायची.

वर्गावरच्या मॅडमनी पहिले काही महिने एकच गोष्ट शिकवली. वर पाहिलं म्हणजे हो. डोळे मिटले म्हणजे नाही. पाण्याचा गिलास समोर धरायचा, विचारायचं आणि थांबायचं. कधी कधी उत्तर यायला इतका वेळ लागायचा की दुसरं पोरगं येऊन गिलास पिऊन टाकायचं. मॅडम पुन्हा भरायच्या, पुन्हा विचारायच्या. मायला त्यांनी हेच करायला सांगितलं. मायनं घरी सुरू केलं.

"वांगं देऊ?"

डोळे मिटले.

"थोडंसं देऊ?"

पुन्हा मिटले.

माय माझ्यावरच चिडली. "इतके वर्स वांगंच तं चारून राह्यली मी हिले."

"मंग आता नको चारू," मी म्हटलं.

"तुले काय होते म्हनाले? घरामांगच्या वाडीत वांग्याशिवाय हाय काय दुसरं?" असं म्हणत ती उठली आणि तिनं वरण आणलं. बहिणीनं वर पाहिलं.

वर्षभर हे चाललं. पुढच्या संक्रांतीपर्यंत तिला वर्गातल्या पोरांचे फोटो ओळखता येत होते. आज कोण आलं नाही ते ती मॅडमना सांगायची. मॅडम एकेक फोटो धरायच्या, हा आला का? वर. हा? मिटले. हजेरी माझी बहीण घ्यायची. आडवी होती तेव्हा तिच्या नावाची हजेरी गुरुजी खोटी लावत होते.

तेवढ्यात खुर्चीतला कापूस दबून चपटा झाला आणि ती कलू लागली. बाबांनी शाळेतून पोती आणून उसवली आणि घरातला कापूस भरला. गेल्या साली ठेवलेला, भावाची वाट पाहत पडलेला. पिंजून घ्यायला हवा होता. पण घरात खोलीभर कापूस असताना कापूस बाहेरून कोण आणतो? साठवलेल्या कापसाला ऊन तापलं की किडे होतात, अंगाला खाज सुटते. आमच्या भागात त्या दिवसांत सगळं गाव खाजवत असतं. लग्नाच्या पंगतीतही लोक एका हातानं जेवतात आणि दुसऱ्यानं खाजवतात. बहिणीला खाजवता येत नाही. तिच्या पाठीवर लाल पुरळ उठलं.

मी तेव्हा कॉलेजात होते, पोरापोरींच्या एका गटासोबत पत्रकं लिहून वाटायची. होळीला घरी आले होते, म्हणून त्या सोमवारी मायसोबत मीच शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी दारातच थांबवलं.

"हिले सांसर्गिक हाय. बाकीच्या लेकरायले होईन."

मॅडम मागून म्हणाल्या, "सर, कापसाची खाज आहे. एकाची दुसऱ्याला लागत नाही."

"तुम्ही वर्गात जा मॅडम."

सर बोलता बोलता मनगट खाजवत होते. बाही वर सरकली तसं तेच लाल पुरळ दिसलं.

"सर, तुमच्या हाताले काय झालं?" मी विचारलं.

"घरी कापूस हाय."

"मंग?"

"माह्यं वेगळं हाय."

त्यांनी बाही खाली ओढली. मायनं बहिणीला उचललं. खिचडीचा वास येत होता, बहीण त्या वासाकडं वर पाहत होती. हो म्हणत होती. आम्ही परत निघालो.

कडुनिंबाच्या पाण्यानं पुरळ गेलं. डॉक्टरची चिठ्ठी घेतली, पिंजलेला कापूस भरून नवी पोती शिवली आणि बाबांना घेऊन पुन्हा गेलो. आता कारण बदललं होतं. हिला भरवायला, कपडे बदलायला एक बाई लागते, ती बाई काम सोडून गेली, दुसरी मिळत नाही. "जे हातानं जेवते ते लेकरं ठेवून राह्यलो," सर म्हणाले. म्हणजे पुरळ नव्हतंच कारण. ज्याला शाळेची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच आधी बाहेर काढणं सोपं, एवढंच.

खुर्ची त्यांच्या ऑफिसात होती. स्वच्छ पुसलेली, वर फुलाफुलांचं कापड. बाहेरून पाहुणे तपासणीला येतात, त्यांना दाखवावं लागतं, असं सरांनी स्वतःच सांगितलं.

मी भांडायला लागले. बाबांनी मला अडवलं. सरांना म्हणाले, "खुर्ची ठेवा. लाकूड हाय, दुसरी करीन. मी पोरीची जागा मांगून राह्यलो."

सर म्हणाले, "पाहू."

मी पत्रक काढलं, बाजाराच्या दिवशी वाटलं. काहींनी वाचलं, काहींनी त्यात फुटाणे बांधले. एक बाई दुसऱ्या गावाहून आमच्या घरी आली, कडेवर मोठं पोरगं, पाय लोंबकळत होते. तिनं शाळेबद्दल काही विचारलंच नाही. फक्त विचारलं, "बसायची पेटी कशी केली, दाखवता काय?" बाबांनी तोवर ठोकलेली दुसरी पेटी दाखवली. तिच्या पोराला शाळा असू शकते हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

बहीण आता बारा वर्षांची आहे. दुसऱ्या खुर्चीत दाराशी बसते. सरळ बसते. त्यांची अट तिनं केव्हाचीच पुरी केली आहे. सकाळी काळी-पिवळीचा हॉर्न वाजला की ती वर पाहते. कोणी काही विचारलेलं नसतं तरी.

तुमच्या तालुक्यातही अशी एखादी शाळा असेल. येत्या सोमवारी तिथं जा. रंगवलेल्या भिंती पाहू नका, स्वागतगीत ऐकू नका. ऑफिसात जाऊन विचारा: ज्यांना भरवावं लागतं, ज्यांचे कपडे बदलावे लागतात, ती मुलं कुठं आहेत? ती नसतील तर त्यांच्यासाठी माणूस कधी ठेवणार, ते विचारा. पाहू म्हणाले तर उठू नका. तुम्हाला बसता येतं. उत्तर मिळेपर्यंत तिथंच बसा.