मोटर चालू असताना

तात्या गेले आणि आमचा कॉम्प्युटर रोज आपोआप बंद पडून आपोआपच सुरू व्हायला लागला. तात्या म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून आयुष्य काढलं आणि निवृत्त झाल्यावर सणसरजवळच्या आमच्या वस्तीवर दीड एकराच्या मागे लागले. एका दुपारी ते विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेले सापडले. मोटर चालूच होती. डॉक्टर म्हणाले, हार्ट. आईने विचारलं म्हणून पुढे हेही म्हणाले, की जीव जायला दहा-पंधरा मिनिटं लागली असतील.

त्या दहा-पंधरा मिनिटांनी आईला धरलं ते सोडलंच नाही.

"हाक मारली आसंल का गं त्यांनी?" भाकरी थापता थापता ती विचारायची. मी काही बोलायच्या आत पुढचं यायचं. "मी गोठ्यात व्हते. मोटरीच्या आवाजात मला काय ऐकू येतंय? तू घरात व्हतीस. तुला कायबी ऐकू आलं न्हाय?"

"नाही," मी म्हणायचे.

दिवसातून तीन-तीनदा हाच सवाल. कधी कधी मी तिच्यावर खेकसायचे. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट, त्यात ते दिवस तसले. तिला फक्त एवढंच हवं होतं: तात्यांनी हाक मारली आणि आपण गेलो नाही, असं झालं नाही ना, हे कुणीतरी खात्रीने सांगावं. ते कोण सांगणार?

मी घरी टायपिंगची कामं करायचे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, अर्ज. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आमच्या बाजूला कॉम्प्युटर अजून नवलाईचा, आणि वस्तीवर असलेला तर माझा एकटीचाच. तात्या होते तेव्हाही तो आठवड्यात एक-दोनदा बंद पडायचा. स्क्रीन काळी व्हायची, मग एक बारीक 'टुं' आणि पहिल्यापासून सगळं सुरू. सेव्ह न केलेलं सगळं गेलेलं. मी चिडून कीबोर्ड आपटायचे आणि पुन्हा लिहायला बसायचे.

तात्या गेल्यावर मात्र हे रोज व्हायला लागलं. त्यांच्या जलदान विधीची पत्रिका मीच टाईप करायला घेतली, तर लागोपाठ तीन दिवस त्यांच्या नावापाशी मशीन गेलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू मागे उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"म्हातारा घुटमळतोय गं. नाव लिवू दिना झालाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या घरात भूत नव्हतं. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच भूत, मुंजा, म्हसोबा सगळ्यांना एका दमात घराबाहेर काढलं होतं आणि तात्यांनी त्यांना पुन्हा उंबरा चढू दिला नव्हता. मी काकूंना म्हणाले, "काकू, आमच्या तात्यांना माझ्या कॉम्प्युटरचं बटण कुठंय तेसुद्धा माहीत नव्हतं." त्या रागावून गेल्या. पण वळून पाहिलं तर आई दारात उभी होती. तिने ते ऐकलं होतं आणि तिच्या तोंडावर भीती अजिबात नव्हती. असेल तर बरंच होईल, असं काहीतरी होतं. मला तेव्हा खरंच भीती वाटली.

दुसऱ्या दिवसापासून शेतीची लाईट यायच्या वेळी ती हातातलं काम टाकून माझ्या मागे येऊन बसायला लागली. आमच्याकडे घरात सिंगल फेज असायची आणि शेतीची थ्री फेज तिच्या पाळीने यायची. ती आली की सगळ्या शिवारातल्या मोटरी घरघरायला लागत. त्यानंतर दोन-चार मिनिटांत माझी स्क्रीन काळी होई. मग आई हलकेच म्हणे, "आले." मी तोंड फिरवून घ्यायचे. मला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर अंगावर काटाही यायचा.

शेवटी मी बारामतीहून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. डबा उघडून त्याने धूळ फुंकली, मेमरीची पट्टी खोडरबराने घासून बसवली, पॉवर सप्लायचा डबा बदलून पाहिला, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-पाणी घालायला सांगितलं. तो होता तोवर मशीन गुणी लेकरासारखं चाललं, कारण त्या दिवशी थ्री फेज आलीच नाही. तो गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याला फोन करायला मी गावात गेले. तो म्हणाला, "ताई, मशीनमध्ये काही नाही. शेजारी शंभरचा बल्ब लावून ठेवा. मशीन जाईल तेव्हा बल्बकडं बघा. आता यूपीएस मागवतो, पण आधी कारण कळू द्या."

मी बल्ब लावला. आई माझ्या मागे. लाईट आली, मोटरी सुरू झाल्या, आम्ही दोघी भर दुपारी बल्बकडे टक लावून बसलो. थोड्या वेळाने बल्ब एकदम पिवळा पडला, क्षणभर तसाच राहिला आणि परत भरला. तेवढ्यात मशीन गेलं होतं. तीन दिवस मी हेच पाहिलं, पाटीवर वेळा लिहिल्या. कुठलीतरी मोठी मोटर सुरू होत होती आणि घरातली वीज ओढून घेत होती. आणि वस्तीच्या तारेवर आमची मोटर सोडून दुसरी मोटर नव्हती.

विहीर आमची आणि चुलत्यांची सामाईक. मी त्यांना गाठलं.

"आबा, रोज मोटर तुम्ही लावता ना?"

"मी?" ते म्हणाले. "मी तर म्हणतोय तुमीच लावताय. मी तितं जातच न्हाय. पाटाला पाणी दिसलं की वाफ्यांची दारं धरतो."

आम्ही समजत होतो चुलते लावतात, ते समजत होते आम्ही लावतो. तात्या जिथे गेले तिथे जायला कुणाचाच पाय उचलत नव्हता, आणि मोटर मात्र रोज चालत होती. आबांचा चेहरा पांढरा पडला. ते माझ्याबरोबर आले नाहीत. मी एकटीच गेले.

खोलीत स्टार्टरच्या पेटीशेजारी एक छोटी नवी डबी होती, तात्यांच्या हातची काळी पट्टी गुंडाळलेली. ऑटो. लाईट आली की दोन-चार मिनिटांनी मोटर आपली आपण सुरू करणारा. कितीतरी जणांकडे होता. तात्या मात्र त्याला शिव्या घालायचे, माणूस आळशी होतो म्हणायचे. मग त्यांनी तो गुपचूप का बसवला? मला एकच कारण सुचलं. घरापासून इथवर येताना त्यांना दम लागत असणार आणि ते त्यांनी आम्हाला कळू दिलं नाही. मी तिथेच रडले. तीन दिवस बल्बकडे बघण्यापेक्षा तात्या हयात असताना त्यांच्याकडे नीट बघितलं असतं तर, असं वाटलं.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. भूत नाही, ऑटो आहे. पाणी नको त्या दिवशी तात्या तो बंद ठेवत असणार, आता बंद करायला कुणी नाही; लाईट आली की रोज तोच मोटर लावतो, म्हणून कॉम्प्युटर जातो. मला वाटलं ती कोसळेल. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि पायात चपला घातल्या. तात्या गेल्यापासून पहिल्यांदाच ती मोटरीच्या खोलीकडे निघाली. मी मागोमाग.

मोटर चालू होती. आई जिथे तात्या बसले होते तिथेच, तशीच भिंतीला टेकून बसली. तिथून दारातून आमचं घर समोर दिसत होतं, माझी खिडकीसुद्धा.

"तू जा," ती म्हणाली. "तुज्या त्या खुर्चीत बस. मोटर चालूच ऱ्हाऊ दे. मी हाक मारती. बल्बावरनं तुला कळलं, तसं हेबी कळंल."

मी जाताना हिशेब केला. ऐकू आलं म्हणाले, तर त्या दिवशी तात्यांनी हाक मारलीच नाही असं ठरेल, आणि ती सुटेल. नाही म्हणाले, तर मरेपर्यंत ती तोच प्रश्न विचारत राहील. म्हणून काहीही झालं तरी 'आलं ऐकू' म्हणायचं ठरवून मी खुर्चीत बसले.

मोटरीची घरघर खिडकीतून येत होती. आणि त्यात माझं नाव ऐकू आलं. एकदाच, अर्धवट, शेवटचं अक्षर गिळलेलं. पण स्पष्ट.

मी पळतच परत गेले. खोटं बोलावं लागलं नाही याचाच आनंद झाला होता.

"आलं गं आई! माझं नाव घेतलंस ना? आलं ऐकू!"

"मी आजून हाक मारलीच न्हाय," ती म्हणाली. "तोंड उघडलं, पर आवाजच फुटंना. हितं बसलं की छाती कशी दाटून येती."

"मग भास झाला असेल," मी म्हणाले.

"भासच," ती म्हणाली. मग तिने भिंतीवरून हात फिरवला आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला. "त्यांनाबी आवाज फुटला नसंल बग. त्यांनी हाक मारलीच न्हाय गं." तिने उठून लाल बटण दाबलं, मोटर थांबली. त्यानंतर तो प्रश्न तिने कधीही विचारला नाही.

मी तिला काही सांगितलं नाही. माझं नाव मी त्याआधीही एकदा तसंच ऐकलं होतं, त्याच खुर्चीत, त्या दुपारी. मला ते आठवत नव्हतं असं म्हणणं सोयीचं आहे, आणि बरेच दिवस मी तसंच म्हणत आले. मशीन नुकतंच बंद पडून सुरू झालं होतं, गेलेलं अख्खं पान मी चिडून पुन्हा टाईप करत होते, आणि या वेळी सेव्ह केल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलं होतं. "आले, थांबा," असं मी मोठ्याने म्हणालेसुद्धा होते.