देवाला जेवायला किती वेळ लागतो?

बाबांना ठसका लागला त्या सकाळी माझ्या एका हातात चमचा होता आणि दुसऱ्या हातात जपमाळ. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती. पक्षाघातानंतर बाबांची उजवी बाजू लुळी पडली, बोलणं गेलं आणि गिळणं अवघड झालं. रोज सकाळी त्यांना तांदळाची मऊ खिमटी भरवून, शेजाऱ्यांना लक्ष ठेवायला सांगून मला ऑफिस गाठायचं असे. बाबा बरे व्हावेत म्हणून मी रोज अकरा माळा रामनामाचा संकल्प केला होता, आणि वेळ वाचावा म्हणून भरवता भरवताच त्यातल्या दोन-तीन उरकून घेत होतो. या युक्तीचा मला थोडा अभिमानही होता. त्या दिवशी मणी भराभर सरकत होते आणि त्याच लयीत चमचेही जात होते. घास श्वासनलिकेत गेला, न्यूमोनिया झाला आणि बाबा दहा दिवस दवाखान्यात राहिले.

तिथे त्यांना नाकातून नळी घातली होती. बाबांनी डाव्या हाताने ती दोनदा उपसली. शेवटी त्यांचा तो एकमेव चालता हात पलंगाला बांधावा लागला, तेव्हा ते रागावले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवस तोंडानं देऊन बघा. वजन आणखी उतरलं तर मात्र नळी परत घालावी लागेल."

घरी आल्यावर मी भरवताना माळ घेणं सोडलं, पण घाई सुटली नाही. चार चमच्यांनंतर बाबा तोंड मिटून घेत. आठवड्यातच वजन किलोभर उतरलं. माझी श्रद्धाही त्याबरोबर उतरत होती. जप करतानाच जर हे घडलं, तर पलीकडे ऐकणारं कोणी आहे तरी का? पूजा मात्र सवयीने चालू होती. बाबांचीच खिमटी आधी देवापुढे ठेवायची, वाटीभोवती पाणी फिरवायचं, घंटा वाजवायची आणि वाटी उचलायची. बायको शाळेत शिक्षिका आहे. सकाळी चपला घालता घालता ती एकदा म्हणाली, "अहो, देवाला पार्सलच देत जा. वाढायचाही त्रास नको."

मदतीला एखादी बाई मिळावी म्हणून मी रुग्णसेवेसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोत नाव नोंदवलं होतं. आठवडाभर तरी कोणी नाही, असं उत्तर आलं होतं. पण एका सकाळी बायको गेल्यावर बेल वाजली. दारात पन्नाशीच्या एक मावशी उभ्या होत्या. वाघोलीहून दोन बस बदलून कात्रजला आल्या होत्या. "ब्युरोनं धाडलंय. पेशंट कुठं हाय?" एवढंच म्हणून त्या हात धुवायला गेल्या. मला हायसं वाटलं. मी घाईघाईने नैवेद्य दाखवला आणि वाटी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग देव्हाऱ्याकडे. "दादा, देव जेवला का?"

"म्हणजे?"

"न्हाई, ठिवली काय आन् उचलली काय. म्हनून इचारलं."

मी ओशाळून हसलो. हेल्मेट उचललं आणि त्या कशा भरवतात ते बघायला दोन मिनिटं दारात थांबलो. मावशींनी बाबांना उशा लावून ताठ बसवलं, हनुवटी जराशी खाली केली. अर्धा चमचा दिला आणि चमचा वाटीत ठेवून हात मांडीवर घेतले. पुढचा चमचा भरून तयार ठेवला नाही. त्या बाबांच्या गळ्याकडे बघत बसल्या. बाबांनी मात्र दुसऱ्याच घासाला तोंड मिटलं.

मावशी मागे वळल्या. "दादा, ते हेल्मेट ठिवा की खाली. तुमी निघालाय म्हून त्येंना घाई हुतीया."

मी चपापलो. इतके दिवस मला वाटत होतं की बाबांना भूकच नाही. ते मला उशीर होऊ नये म्हणून उपाशी राहत होते.

मी हेल्मेट खाली ठेवलं आणि पलंगाशेजारी बसलो. बाबांनी तोंड उघडलं. त्यांचा कंठमणी मी आयुष्यात प्रथमच नीट पाहिला. तो थरथरे, थोडा वर चढे, अडे, पुन्हा प्रयत्न करी आणि मग खाली येई. तो खाली आला की मावशी हळूच "राम" म्हणत, आणि मगच चमचा उचलत. या घासाला किती वेळ लागेल, याचं मला कुतूहल वाटू लागलं. एखादा घास पटकन उतरे, एखाद्याला बराच वेळ लागे. माळेतला मणी मी हवा तेव्हा ओढत होतो. हा मणी मला ओढता येत नव्हता. नुसतं थांबता येत होतं. कधीतरी मावशींबरोबर माझ्याही तोंडून "राम" निघालं.

वाटी रिकामी व्हायला पाऊण तास लागला. मावशी बाबांचं तोंड पुसत होत्या तेवढ्यात त्यांना ब्युरोचा फोन आला. त्यांना रस्त्यापलीकडच्या सोसायटीत जायचं होतं. विंग तीच, फ्लॅटचा नंबर तोच, सोसायटी दुसरी. "आगं बया, माजीच चूक," म्हणत त्यांनी पिशवी उचलली. मी नाव विचारायच्या आत त्या जिना उतरत होत्या.

ऑफिसात मी रोज उशिरा येण्याची परवानगी मागितली. ती मिळणार नाही असं मी महिनोन्‌महिने धरून चाललो होतो. साहेब "बरं" म्हणाले. पंधराव्या दिवशी पाहिलं, तर त्या किलोनंतर काटा आणखी खाली गेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, "वजन उतरायचं थांबलंय. सध्या नळी नको." मावशी चुकून आल्या की कोणी पाठवल्या, हे मला ठरवता येत नाही. ठरवायची गरजही आता वाटत नाही.

त्या संध्याकाळी मी बाबांपुढे बसून माळेची गोष्ट सांगून टाकली. बायकोही ऐकत होती. बाबांनी डाव्या हाताने, सांडत सांडत, समोरच्या खिमटीच्या वाटीतून चमचा भरला आणि माझ्या तोंडाशी आणला. मी तोंड उघडलं. बाबांनी चमचा वाटीत ठेवला आणि माझ्या गळ्याकडे बघत, मी गिळेपर्यंत ते थांबले.

हल्ली नैवेद्य ठेवल्यावर मी देव्हाऱ्यासमोर बसून राहतो. बायको विचारते, "झालं का हो जेवण त्यांचं?" मला खरंच माहीत नसतं. मी बसून असतो.